ट्रॅकवर नेण्याच्या ७१८ केमॅनसाठी ब्रेक डिस्क कोणत्या घ्याव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे पोर्श ७१८ केमॅन आहे, कंपनीच्या मूळ बिडाच्या डिस्क आणि मूळ पॅडसह. रोजचा वापर पुण्यातला, अधूनमधून महाबळेश्वर-लोणावळ्याचे घाट, आणि वर्षातून काही वेळा मोटार ट्रकवर चढवून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा कोइमतूरच्या करी स्पीडवेवर नेणे. मागच्या खेपेस बुद्धवर चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचे पेडल मऊ पडून खोल जाऊ लागले, आणि पुण्यात परतल्यावर शंभरच्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले. गॅरेजने ‘डिस्क वाकल्या’ असे निदान करून पुढच्या चाकांसाठी मोठ्या व्यासाच्या, भोके आणि खाचा दोन्ही असलेल्या टू-पीस (दोन भाग जोडून बनवलेल्या) डिस्क सुचवल्या आहेत. त्या घ्याव्यात, की एकदाच खर्च करून कार्बन सिरॅमिककडे जावे, असे आपण विचारता.

माझे मत आधी सांगतो. व्यास वाढवू नका, भोकांच्या डिस्क ट्रॅकसाठी घेऊ नका आणि सिरॅमिकचा विचार सोडून द्या. मूळ मापाच्याच, उच्च कार्बन बिडाच्या, आत हवा खेळवणारे वळणदार पंख असलेल्या आणि फक्त खाचा असलेल्या डिस्क आपल्याला पुरेशा ठरतील. मात्र त्याआधी पॅड, ब्रेक ऑइल आणि डिस्कपर्यंत पोहोचणारी हवा या तीन गोष्टींवर पैसे खर्च करा, कारण आपण वर्णन केलेल्या दोन तक्रारींपैकी एकही केवळ डिस्क बदलून जाईल असे मला वाटत नाही. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे एकच निदान करणे हीच इथली पहिली गफलत आहे.

डिस्कचे काम काय, याचा हिशोब एकदा आकड्यांत मांडला की निवड बरीच सोपी होते. चालक, इंधन आणि सामान धरून आपली मोटार साधारण १५०० किलोची समजू. बुद्ध सर्किटची फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे आणि तिसऱ्या वळणानंतरची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या टोकाला आपण ताशी २०० वरून ८० किलोमीटरपर्यंत वेग उतरवता असे धरले, तर मोटारीची सुमारे १९.४ लाख जूल गतिज ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित होते. केमॅनचे इंजिन मध्यभागी असल्यामुळे तिची मागची चाके पुढे इंजिन असलेल्या मोटारींपेक्षा जास्त काम करतात, तरीही ब्रेक लावताना भार पुढे झुकतो आणि साधारण ६५ टक्के काम पुढच्या जोडीवर येते. म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सहा लाखांहून अधिक जूल आले. एक किलो बीड एका अंशाने तापवायला सुमारे ५०० जूल लागतात. डिस्कच्या ज्या कड्यावर पॅड घासतात, त्याचे वजन ७ किलो धरले तर या एकाच ब्रेकिंगमध्ये त्याचे तापमान सुमारे १८० अंशांनी चढते. तेच कडे साडेआठ किलोचे असेल तर वाढ १५० अंशांच्या आसपास राहते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांचा वाटा मी सोडून दिला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील, पण प्रमाण तेच राहील.

आता याची तुलना रस्त्याशी करा. शंभरच्या वेगावरून पूर्ण थांबण्यात याच डिस्कचे तापमान जेमतेम ५०-५५ अंशांनी वाढते, आणि पुढचा तसा प्रसंग येईपर्यंत ती निवलेली असते. घाटांबद्दल आपण विशेष काळजी व्यक्त केली आहे, म्हणून त्याचाही हिशोब देतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आपण सुमारे १३०० मीटर खाली येता. त्यात १५०० किलोच्या मोटारीची सुमारे १ कोटी ९० लाख जूल स्थितिज ऊर्जा खर्च होते, म्हणजे वर सांगितलेल्या प्रकारची दहा ब्रेकिंग. पण ती तासाभरात विभागलेली असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहिलात तर त्यातला मोठा हिस्सा इंजिनच पेलते. बुद्धवर तेवढीच उष्णता दोन-तीन फेऱ्यांत डिस्कमध्ये शिरते आणि सत्र तर त्यापुढेही चालूच राहते. तेव्हा घाटासाठी आपल्या मूळ डिस्क भरपूर आहेत. निवड करायची आहे ती ट्रॅकसाठी.

या हिशोबातून हेही दिसते की डिस्कची खरी परीक्षा दोनच गोष्टींत असते: एका दमात किती उष्णता सामावून घेते आणि पुढच्या वळणापर्यंत त्यातली किती हवेत सोडते. पहिली गोष्ट बिडाच्या वजनावर अवलंबून आहे. पातळ तवा पटकन तापतो आणि जाड बिडाचा तवा सावकाश तापतो, तोच नियम. दुसरी गोष्ट आतल्या पंखांच्या रचनेवर आणि डिस्कच्या मध्यापर्यंत हवा पोहोचते की नाही यावर अवलंबून आहे. बाहेरून दिसणारी भोके आणि खाचा यांचा वाटा या दोन्हींत दुय्यम आहे.

आता आपल्या पहिल्या तक्रारीकडे येतो. पेडल मऊ होऊन खोल जाणे आणि पेडल घट्ट राहूनही मोटार न थांबणे या दोन अवस्थांमध्ये फरक करायला प्रत्येक ट्रॅक चालकाने शिकले पाहिजे. पेडल घट्ट असून वेग उतरत नसेल तर पॅडचे मिश्रण त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापलेले असते. पेडलच खोल जात असेल तर कॅलिपरमधले (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले) ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय आत जातो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, आणि मुरलेल्या ऑइलसाठी त्याच मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्या-मुंबईचे दोन पावसाळे काढलेले ऑइल घेऊन कोणी बुद्धवर उतरला, तर जगातली सर्वांत महाग डिस्कही त्याचे पेडल वाचवू शकणार नाही. आपली तक्रार या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यामुळे ३०० अंशांहून अधिक कोरडा उत्कलनबिंदू असलेले, डॉट ४ प्रणालीला चालणारे रेसिंग ऑइल भरा आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपरमधून ते थोडे थोडे काढून नवे येऊ द्या. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ या प्रणालीत कधीही घालू नका. नावातल्या साम्यामुळे डॉट ५.१ आणि डॉट ५ यांत घोटाळा होतो, आणि तो महागात पडतो.

पॅडबद्दलही इथेच सांगतो. रस्त्यासाठी बनवलेले पॅड साधारण ४०० अंशांच्या आसपास पकड सोडू लागतात, तर ट्रॅकसाठीचे पॅड ६०० ते ७०० अंशांपर्यंत टिकतात. पण ते थंड असताना कमी पकडतात, किंचाळतात आणि रोजच्या वापरात डिस्क लवकर झिजवतात. आपण वर्षातून मोजक्याच वेळा ट्रॅकवर जाता, तेव्हा पॅडचे दोन संच ठेवणे हा सर्वांत समंजस मार्ग आहे. फक्त दोन्ही संच शक्यतो एकाच उत्पादकाच्या एकमेकांशी जुळणाऱ्या मिश्रणांचे असावेत. याचे कारण दुसऱ्या तक्रारीत दडलेले आहे.

ती दुसरी तक्रार म्हणजे थरथर. ‘डिस्क वाकली’ हे निदान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की मोजमाप न करताच ते दिले जाते. बिडाची चांगली डिस्क वाकते क्वचितच. बहुतेक वेळा पॅडचे मिश्रण डिस्कवर असमान थराने चिकटलेले असते. ट्रॅकवरून तापलेल्या अवस्थेत आत आल्यावर ब्रेक दाबून उभे राहिले, की पॅडच्या आकाराचा एक ठसा डिस्कवर उमटतो. त्या ठिकाणी घर्षण वेगळे, म्हणून तिथे उष्णता अधिक, म्हणून तिथे आणखी थर, असे ते वाढत जाते. पुढे तापमान फार चढले तर त्या जागी बिडाची अंतर्रचनाच बदलते, सिमेंटाइट नावाचा कठीण आणि ठिसूळ घटक तयार होतो, आणि मग लेथवर स्किम करूनही तो डाग परत वर येतो. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगमध्ये जाणवायला पुरेसा असतो.

माझ्या अनुभवात अशा तक्रारीचा दुसरा उगम हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर, सापडतो. नुकतीच एक मोटार माझ्याकडे आली होती, तिच्या डिस्क एकदा बदलूनही थरथर गेली नव्हती. चाक उतरवून डिस्क सर्व बोल्टांनी हबवर आवळली, डायल गेजची सुई कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. सुई एका फेरीत दहा शतांश मिलिमीटर हलली. डिस्क काढून पाहिली तर हबच्या तोंडावर, एका बोल्टाच्या भोकाशेजारी, गंजाचा नखाएवढा खपला दबून चपटा झालेला होता. त्याच्याच समोर नव्या डिस्कच्या मागच्या बाजूला तांबूस ठसा उमटला होता. हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि बारीक एमरीने स्वच्छ केले, तीच डिस्क पुन्हा बसवली आणि सुईची हालचाल तीन शतांशांवर आली. पाच शतांशांपर्यंतची हालचाल सहसा चालून जाते. बाकी आकडा आपल्या मोटारीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. तेव्हा नव्या डिस्कची ऑर्डर देण्याआधी गॅरेजकडून तीन आकडे मागा: डिस्कची जाडी आठ ठिकाणी, डिस्कची डगमग (फिरवताना सुई किती हलते तो आकडा), आणि डिस्क काढल्यावर हबची डगमग. हे आकडे न देता जे ‘वाकली’ म्हणतात, त्यांच्याकडून महाग डिस्क बसवून घेऊ नये.

आता खुद्द डिस्क. भोकांपासून सुरुवात करतो, कारण आपल्या मूळ डिस्कलाही कंपनीनेच भोके पाडलेली आहेत आणि त्यामुळे मी ती नको का म्हणतो असा प्रश्न आपल्याला पडेल. भोकांचा खरा उपयोग पावसात आहे. पॅड आणि डिस्क यांच्यामधला पाण्याचा थर ती तोडतात आणि पहिल्या क्षणी पकड लवकर मिळते. जुन्या काळच्या पॅडमधली राळ तापून वायू सोडत असे, त्यालाही ती वाट करून देत. आजच्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. तोटा असा, की प्रत्येक भोकाच्या कडेला ताण एकवटतो. ट्रॅकवर डिस्क शंभर-दीडशे अंशांनी वर जाते आणि पुढच्या सरळ पट्टीवर खाली येते. हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते, आणि प्रसरण-आकुंचनाच्या या माऱ्याखाली भोकाच्या कडेपासून केसासारखा तडा निघतो.

आपल्या सध्याच्या डिस्कवर हे स्वतः पाहता येईल. चाक काढून बॅटरीचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि एकेका भोकाभोवती पाहा. पृष्ठभागावर सर्वत्र पसरलेले, नखाला न लागणारे बारीक जाळे हे उष्णतेचे नेहमीचे चिन्ह आहे आणि त्याची भीती नाही. परंतु भोकापासून निघालेली रेघ नखाला अडत असेल तर ती मोजून नोंदवा. ती शेजारच्या भोकाला मिळाली असेल किंवा डिस्कच्या आतल्या अथवा बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, तर जाडी कितीही शिल्लक असो, ती डिस्क त्याच दिवशी मोटारीवरून उतरली पाहिजे. कंपनीच्या डिस्कमध्ये भोकांची मांडणी आतल्या पंखांचा विचार करून केलेली असते, म्हणून त्या बऱ्याच टिकतात. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त डिस्क मात्र साध्या डिस्कवर ड्रिल चालवून बनवलेल्या असतात. काही भोके थेट पंखावर उतरतात आणि कडाही घासून गोल केलेल्या नसतात. अशा डिस्क रस्त्यावरही मी सुचवणार नाही.

खाचांचे तसे नाही. खाच आरपार जात नाही, त्यामुळे डिस्क तेवढी कमकुवत होत नाही. खाचेची कड पॅडचा तापून गुळगुळीत झालेला वरचा थर खरवडत राहते आणि पकड एकसारखी ठेवते. शिवाय पावसात पाण्याचा थरही तुटतो. याची किंमत म्हणजे पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक लावताना घर्रघर्र असा आवाज येतो. तो आवाज दोषाचा नसतो. भोके आणि खाचा दोन्ही असलेल्या डिस्कमध्ये भोकांचा तोटा तसाच राहतो, म्हणून गॅरेजच्या सूचनेतला हा भाग मला मान्य नाही. आवाज अजिबात नको असेल तर अगदी साधी, सपाट डिस्कही ट्रॅकवर उत्तम काम देते. दिसायला ती साधी असते म्हणून तिला कमी लेखू नये.

बिडाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण जाहिरातीत त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो आणि खरा फरक तिथेच पडतो. ब्रेक डिस्क करड्या बिडाची असते. त्यात कार्बन ग्राफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो, आणि या पाकळ्याच उष्णता वाहून नेतात व कंपन शोषून घेतात. कोल्हापुरात शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत ज्यांनी ओतकाम पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की साच्यातले बीड किती वेगाने थंड होते यावर या पाकळ्यांचा आकार ठरतो, आणि त्यावर त्याचे सगळे गुण. उच्च कार्बन डिस्कमध्ये कार्बनचे प्रमाण नेहमीपेक्षा थोडे वाढवलेले असते. त्यामुळे उष्णता कड्यात एकसारखी पसरते, तापलेले डाग कमी पडतात, तडे उशिरा जातात आणि किंचाळणेही कमी होते. कार्बन वाढला की बिडाची ताकद थोडी घटते, म्हणून चांगले उत्पादक मॉलिब्डेनम, क्रोमियम यांसारखी धातुद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून ती भरून काढतात. विक्रेत्याला बिडाचा दर्जा विचारा. तो सांगता आला नाही तर दुसऱ्याकडे जा.

आतले पंख हा दुसरा मुद्दा. फिरणारी डिस्क म्हणजे एक पंपच असते: मध्यातून हवा ओढते आणि कडेने फेकते. वळणदार पंख असलेली डिस्क हे काम सरळ पंखांपेक्षा चांगले करते, परंतु तिला डावी-उजवी बाजू असते. पंखाचे बाहेरचे टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेले असले पाहिजे. खाचांची दिशा पाहून डिस्क बसवण्याची चूक अनेक गॅरेजमध्ये होते. खाचा कोणत्याही दिशेला असोत, निर्णय पंख पाहूनच करावा. डाव्या आणि उजव्या डिस्कचा पार्ट नंबर वेगळा आहे ना, हे ऑर्डर देतानाच तपासा. दोन्हींचा नंबर एकच असेल तर पंख सरळ आहेत, किंवा एका बाजूची डिस्क उलटी बसणार आहे.

हवा मात्र मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे, नाहीतर पंख काय ओढणार? आपल्या मोटारीत पुढच्या सस्पेन्शनच्या दांडीवर प्लास्टिकची छोटी पाती असतात, जी हवा डिस्ककडे वळवतात. केमॅन ट्रॅकवर नेणारे अनेक मालक त्यांच्या जागी ९११ जीटी३ ची मोठी पाती बसवतात. खर्चाच्या मानाने याइतका उपयोगी बदल दुसरा नाही, आणि तो डिस्कच्या आधी करावा.

टू-पीस डिस्कमध्ये घासणारे कडे बिडाचे आणि मधला टोप अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि दोन्ही बॉबिननी, म्हणजे थोडी हालचाल होऊ देणाऱ्या छोट्या खुंट्यांनी, जोडलेले असतात. याचा पहिला फायदा सर्वांना ठाऊक आहे: चाकामागे दीड-दोन किलो वजन कमी होते आणि तेही स्प्रिंगच्या खालचे. दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ३३० मिमी व्यासाचे कडे ५०० अंशांनी तापले की त्याचा व्यास सुमारे २ मिमीने वाढतो. एकसंध डिस्कमध्ये टोप तुलनेने थंड राहतो आणि कड्याला अडवतो, त्यामुळे कडे किंचित शंकूसारखे झुकते, पॅड वाकडे झिजतात आणि पेडल लांबते. बॉबिनवर तरंगणारे कडे मोकळेपणाने पसरते. शिवाय झिजल्यावर फक्त कडे बदलता येते. पण या डिस्क खडखडतात, आणि बॉबिनमध्ये चिखल व गंज साचला की तरंगण्याचा गुणच नाहीसा होतो. पावसाळाभर रोज चालणाऱ्या मोटारीत, त्यातही कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत, त्या वारंवार उघडून स्वच्छ कराव्या लागतात. वर्षातून मोजके ट्रॅक डे करणाऱ्याला हा त्रास आणि खर्च परवडणारा आहे असे मला वाटत नाही. पुढे संख्या वाढली तर जरूर घ्या. तेव्हा हे ध्यानात ठेवा, की केमॅनच्या मागच्या डिस्कच्या टोपाच्या आत पार्किंग ब्रेकचे शू दाबले जातात. अ‍ॅल्युमिनियमवर ते चालत नाहीत, म्हणून मागच्या टू-पीस डिस्कच्या टोपात बिडाचे किंवा पोलादाचे कडे बसवलेले असलेच पाहिजे.

व्यास वाढवण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते. आपले मूळ ब्रेक आजही चारही चाकांना एबीएसपर्यंत, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा चालू होईपर्यंत, नेऊ शकतात, मग डिस्क मोठी करून पहिल्या ब्रेकिंगमध्ये अंतर कमी कसे होईल? ३३० ऐवजी ३५५ मिमीची डिस्क फक्त पुढे बसवली तर पुढच्या चाकांवरचा ब्रेकचा जोर सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो आणि मागचा तितकाच राहतो. कंपनीने मध्यभागी इंजिन असलेल्या मोटारीसाठी जुळवलेले प्रमाण बिघडते, पुढची चाके आधी एबीएसमध्ये जातात आणि मागच्या टायरची पकड वापरली जात नाही. मोठ्या डिस्कचा खरा लाभ तिच्या अधिक वजनात आणि जाडीत आहे. तो हवा असेल तर पुढे-मागे जुळवलेला पूर्ण संच, कॅलिपरसह, घ्यावा लागतो. तो निर्णय टायर आणि सस्पेन्शनही बदलणाऱ्यांसाठी ठीक आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलांकडे बोट दाखवू शकते. मूळ मापाची डिस्क निवडल्याने हा वादही टळतो.

कार्बन सिरॅमिक डिस्क बिडाच्या तुलनेत जवळपास निम्म्या वजनाच्या असतात, गंजत नाहीत आणि रस्त्यावर अतिशय दीर्घकाळ टिकतात. पण त्यांना त्यांचेच पॅड आणि त्यानुसार जुळवलेले कॅलिपर लागतात, चाक चढवताना कडेला टवका उडाला तर डिस्क बाद होऊ शकते, आणि सततच्या ट्रॅक वापरात त्यातला कार्बन जळून त्या झिजतात. मूळ सिरॅमिक असलेल्या मोटारींचे मालकही ट्रॅकसाठी बिडाच्या डिस्क बसवून सिरॅमिकच्या डिस्क घरी जपून ठेवतात. आपण उलट दिशेने जाण्याचे कारण नाही.

डिस्क हाती आल्यावर बसवण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. नव्या जाडीपेक्षा ती साधारण २ मिमी कमी असते, आणि ट्रॅकवर जाणाऱ्याने शेवटचा अर्धा मिलिमीटर वापरू नये, कारण तेवढे बीड गेले की उष्णता सामावून घेण्याची ताकदही गेलेली असते. संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा. हब स्वच्छ करा. चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने न आवळता टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. बसवल्यावर पुन्हा डायल गेज लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी बसवण्याची प्रक्रिया सार्वजनिक रस्त्यावर करू नये, द्रुतगती मार्गावर तर मुळीच नाही. मागून येणाऱ्याला आपण अचानक का थांबता हे कळणार नाही. ट्रॅकवरच्या पहिल्या सत्राचा उपयोग त्यासाठी करा. शंभरच्या आसपासच्या वेगावरून वीस-तीसपर्यंत मध्यम जोराने उतरा, कुठेही पूर्ण थांबू नका, आठ-दहा वेळा तसे करून ब्रेकचा जोर हळूहळू वाढवा, आणि नंतर दोन फेऱ्या जवळजवळ ब्रेक न लावता फिरून डिस्क निववा. आत आल्यावर ब्रेकवर किंवा पार्किंग ब्रेकवर मोटार उभी करू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. पृष्ठभागावर एकसारखी करडी झाक दिसली पाहिजे. पट्टे किंवा पॅडच्या आकाराचा डाग दिसला तर तीच प्रक्रिया पुन्हा करावी लागेल.

शेवटी तापमान मोजण्याची सोय करा. पिटमध्ये इन्फ्रारेड बंदूक रोखून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण तोवर डिस्क निवलेली असते आणि चकचकीत बीड त्या यंत्राला खरे आहे त्याहून थंड दिसते. त्याऐवजी उष्णतादर्शक रंग घ्या, जो ४३०, ५६० आणि ६१० अंशांना कायमचा बदलतो. तिन्ही रंगांचे छोटे ठिपके पुढच्या आणि मागच्या डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावा आणि एका पूर्ण सत्रानंतर पाहा. फक्त ४३० चा ठिपका बदलला असेल तर आपली सध्याची जुळणी योग्य आहे आणि आणखी खर्च करू नये. ५६० चाही बदलला तर पॅडची मर्यादा तपासा आणि हवा वाढवा. ६१० चा बदलला, मोठी पाती बसवूनही बदलला, आणि आपले ट्रॅक डे वाढत असतील, तर त्या दिवशी जाड कड्याच्या टू-पीस डिस्कचा, पुढे-मागे जुळवलेल्या संचाचा विचार सुरू करा.